एका स्क्रीमो अल्बमवरून आमच्या गावात चाललेला वाद : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात बाजाराच्या दिवशी संध्याकाळी आम्ही पाच-सहा जण गाणी ऐकायला बसतो. जागा म्हणजे कापसाच्या जिनिंगमागची रिकामी खोली. गेल्या पावसाळ्यापासून तिथे एकाच अल्बमवरून वाद चालू आहे. अमेरिकेतल्या सर्कल टेक्स द स्क्वेअर या बँडचा तो अल्बम, नाव ‘अ‍ॅज द रूट्स अनडू’, साल २००४. लोक त्याला स्क्रीमो म्हणतात, म्हणजे मनातलं दुःख जिवाच्या आकांताने ओरडून गायलेलं गाणं; नीट पुढे सांगतो. आता दिग्रस-आर्णीकडची पोरंही विचारायला लागली आहेत आणि प्रश्न फिरून फिरून तेच येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतो आहे. मी कास्तकार आहे, संगीत शिकलेलो नाही. पण हा अल्बम मी दोन वर्षं जीव लावून ऐकला आहे आणि त्याच्याबद्दल मला नीट बोलावंसं वाटतं.

वाद नेमका कशाचा आहे? आवडला की नाही, एवढाच ना?

एवढाच असता तर एका बैठकीत मिटला असता. आमच्यात कृषी केंद्र चालवणारा एक जण आहे. तो पुण्याला इंजिनिअरिंग करून परत आला आणि तिकडूनच त्याला हार्डकोर, मेटल या जोरकस गिटार-ड्रमच्या गाण्यांची ओढ लागली. त्याचं म्हणणं, “हे स्क्रीमो नाईच. स्क्रीमो दीड मिनिटात घर पेटवते अन् निघून जाते. हे लोकं तर मांडव घालून बसले.” जिनिंगवरचा फिटर म्हणतो की वेगाचे तुकडे एक नंबर आहेत, मधले संथ तुकडे कापून टाका. आशा सेविका असलेल्या आमच्या ताईंना नेमके ते संथ तुकडेच प्रिय. वरातीपुढच्या धुमाल पार्टीत पॅड वाजवणाऱ्या पोराला सगळंच आवडतं आणि त्यावरून बाकीचे त्याच्यावर चिडतात. भजनी मंडळात खंजिरी वाजवणारे काका कधीमधी येऊन बसतात. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, “मंग हा भांडते कोनाशी?”

म्हणजे वाद तीन आहेत. याला स्क्रीमो म्हणायचं का, हा एक. इतके प्रकार एकत्र आणल्याने गाण्याला बळ आलं की त्याचा जोर गेला, हा दुसरा. आणि काकांचा प्रश्न हा तिसरा. माझ्या मते तोच सगळ्यांत मोठा आहे.

हा बँड कुठला? कोण आहेत ही माणसं?

जॉर्जिया राज्यातल्या सव्हाना या शहरातले. ड्रू स्पेझियाल गिटार वाजवतो आणि गातो, कॅथलीन स्टबेलेक बेस वाजवते आणि गाते. मुखपृष्ठावरचं चित्रही ड्रूचंच आहे. रोबोटिक एम्पायर या छोट्या कंपनीने सीडी काढली. मोठी जाहिरात नाही, रेडिओ नाही. तरी वीस वर्षांनंतरही जगभरातले या गाण्यांचे चाहते त्यावर तावातावाने बोलतात. सगळा अल्बम पाऊण तासाच्या आसपास संपतो.

स्क्रीमो म्हणजे काय, सरळ सांगा.

सुरुवात हार्डकोर पंकपासून करावी लागते. पंक म्हणजे रॉकचाच साधा, बंडखोर प्रकार. १९८० च्या आसपास अमेरिकेत त्यातून हार्डकोर निघालं. आखूड, वेगवान, रागीट गाणी. १९८५ च्या सुमारास वॉशिंग्टनमधल्या काही बँडांनी त्या रागात स्वतःच्या मनातलं दुःख, पश्चात्ताप, मैत्री तुटल्याची कळ आणली. राइट्स ऑफ स्प्रिंग हे त्यातलं मोठं नाव. त्याला लोक इमो म्हणायला लागले. मग १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगो शहरात हेरॉइन, अँटिऑक अ‍ॅरो असे बँड आले. त्यांनी इमोचं दुःख तसंच ठेवलं, पण आवाज पार फाटेपर्यंत ताणला आणि वाजवण्यात मोडतोड आणली. १९९१ मध्ये तिथेच ग्रॅव्हिटी रेकॉर्ड्स ही कंपनी सुरू झाली आणि या गाण्यांना घर मिळालं. हेच स्क्रीमो.

कार्यक्रम व्हायचे तळघरात, घराच्या बैठकीत, छोट्या हॉलमध्ये. गाणारा बरेचदा स्टेजवर नसायचाच, ऐकणाऱ्यांच्या मध्ये उभा असायचा. ध्यानात ठेवायची गोष्ट ही, की यातलं ओरडणं धमकी देणारं नाही. मोडून पडलेला माणूस ओरडतो तसं ते आहे.

मग स्क्रीमो म्हटलं की पोट्टे वेगळीच गाणी का लावतात?

कारण २००० नंतर अमेरिकेतल्या मासिकांनी आणि टीव्हीने हाच शब्द दुसऱ्याच गाण्यांना लावला. मुखडा गोड, अंतऱ्यात थोडं ओरडणं, व्हिडिओत चकचकीत केस. त्या गाण्यांवर माझा राग नाही, पण ती वेगळी. जुन्या चाहत्यांना इतका वैताग आला की त्यांनी आपल्या गाण्यांसाठी ‘स्क्रॅम्झ’ असा नवाच शब्द काढला. तो शब्द दिसला तर समजायचं की बोलणं सॅन दिएगोच्या वंशावळीबद्दल चाललं आहे.

हे मेटल आहे का?

नाही. मेटलकडून काही घेतलं आहे.

इतके प्रकार एकत्र करायची गरज काय होती? एक काहीतरी धरावं ना.

वादाचं मूळ इथे आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

या अल्बममध्ये स्क्रीमो आहे. ग्राइंडकोरचा तो अतिवेगवान ठोका आहे, ज्यात पायाचा ड्रम, स्नेअर आणि झांज एकामागून एक अशी कोसळतात की वेगळी करता येत नाहीत. पोस्ट-रॉकसारखी हळूहळू चढत जाणारी गिटार आहे. कुजबुज आहे, गाण्याऐवजी नुसतं बोलणं आहे, सगळ्यांनी मिळून मंत्रासारखा धरलेला घोष आहे. आणि एका प्रकारातून दुसऱ्यात जाताना कोणी हात धरून नेत नाही. दार एकदम उघडतं.

कृषी केंद्रवाल्याचा आक्षेप मी खोटा म्हणणार नाही. तो म्हणतो की स्क्रीमोची ताकद उघडेपणात आहे. गाणाऱ्याला लपायला जागाच नसते. एवढे थर चढवले की गाणारा थरांच्या मागे जातो आणि ऐकणारा “वा, काय कारागिरी” म्हणत बसतो, काळीज हलायचं राहून जातं. काही ठिकाणी त्याचं बरोबर आहे. एखादी सुंदर चाल बसायच्या आतच तिच्यावर पुढची रास ओतली जाते. शब्दही जड आहेत, एका ओळीत तीन प्रतिमा. मला स्वतःला तिथे थोडी मोकळी जागा हवी होती.

पण आपल्याकडे बघा. पॅडवाल्या पोराने हा मुद्दा मांडला आणि त्या दिवशी सगळे गप्प झाले. धुमाल म्हणजे काय? गाडीवर कीबोर्ड, पॅड, ढोल. देवीचं गाणं चालू असतं, त्यातून सिनेमाची चाल निघते, त्यातून दर्ग्याच्या संदलचा ठेका निघतो आणि वरातीतल्या कोणालाही ते परकं वाटत नाही. भीमगीतं कव्वालीच्या अंगाने गायली जातात. टाळ्या, ताना, सवाल-जवाब सगळं कव्वालीचं, आणि सांगणं बाबासाहेबांचं. विदर्भातल्या किती वस्त्यांत रात्र रात्र हे कार्यक्रम झाले. तिथे कोणी विचारलं नाही की ही कव्वाली खरी का. गाणाऱ्याजवळ एवढं मोठं सांगायचं होतं की त्याला ती चाल लागली, म्हणून त्याने ती घेतली. झाडीपट्टीत एकाच नाटकात रडणं, लावणी, विनोद आणि मारामारी असते आणि धान कापणी आटोपली की भंडारा-गडचिरोलीकडचे लोक थंडीत घोंगडी पांघरून पहाटेपर्यंत ते पाहतात.

म्हणून प्रकार किती मिसळले हे मोजून काही हाती लागत नाही, असं मला वाटतं. प्रत्येक प्रकार कशासाठी आणला, ते तपासावं. या अल्बममध्ये संथ भाग आला की माणूस आठवत असतो, वेगाचा भाग आला की त्याला ते आठवणं सोसत नाही. हे मी मनाचं सांगत नाही, तीन-चार वेळा ऐकलं की कळतं. मुखपृष्ठ सुंदर दिसावं म्हणून रंग भरावेत तसे प्रकार भरलेले नाहीत.

हा गोंधळ मुद्दाम केलेला आहे की वाजवणाऱ्यांच्या हाताबाहेर गेला आहे?

मुद्दाम केलेला. आणि हे आम्हाला फिटरने पटवलं.

जिनिंगच्या हॉलमध्ये डबल रोलर जिनांची रांग असते. प्रत्येक जिनात कातड्याचे दोन रोलर फिरतात, ते रुई ओढतात, हलती सुरी सरकीवर आपटत राहते आणि सरकी खाली पडते. प्रत्येक मशीनची खटखट आपली आपली. बाहेरच्या माणसाला तो नुसता कल्लोळ. फिटरला मात्र त्यात एक मशीन लडखडलं तरी डोळे मिटून सांगता येतं, कारण सगळ्या मशिनी हळूहळू एकमेकींपासून सुटतात आणि अधूनमधून क्षणभर एकत्र येतात, ती जागा त्याच्या कानात बसलेली आहे.

एका संध्याकाळी तो ड्रमकडे कान लावून बोटांवर मोजत बसला. मान खाली, अंगठा बोटांच्या पेरांवर. गिटार एकीकडे, बेस दुसरीकडे, ड्रम कुठेतरी तिसरीकडे पळतो आहे असं वाटत असताना त्याने हात वर केला आणि त्याच क्षणी सगळी वाद्यं एका ठोक्यावर थांबली. मग त्याने तोच तुकडा चार वेळा लावला आणि चारही वेळा थांबण्याच्या आधी हात वर केला. “हे चुकून होत नाई भाऊ. यायनं महिनोन्‌महिने घासलं हाय.”

तेव्हापासून आमच्यात ‘हा नुसता गोंगाट आहे’ हे वाक्य कोणी उच्चारलेलं नाही. गोंगाट सहन होत नाही असं म्हणायला मोकळीक आहे.

शब्द तर एकही कळत नाही. मग ऐकायचं काय?

इंग्रजी ज्याची मातृभाषा आहे त्यालाही कागद समोर धरल्याशिवाय यातलं फारसं कळत नाही. तेव्हा इंग्रजी कमी म्हणून मागे सरू नका.

पोळ्याची संध्याकाळ आठवा. आखरावर तोरण बांधलेलं, खाली बैलजोड्या उभ्या, शिंगांना बेगड, पाठीवर झुली. झडत्या सुरू होतात. एक जण पुढे येतो आणि गळ्याच्या शिरा ताणून कापसाचा भाव, सावकार, सरकार, गावचा पुढारी, सगळ्यांना ओवून काढतो. शेवटी “एक नमन गौरा पार्वती, हर बोला” आणि सगळं गाव “हर हर महादेव”. वाजंत्री चालू, बैल बुजतात, लेकरं रडतात. निम्मे शब्द वाऱ्यावर जातात. तरी झडती कोणावर होती हे कळलं नाही, असं कधी झालं का? आवाज कुठे चढला, कुठे मुद्दाम थांबला, कुठल्या नावावर दात ओठांवर आले, यावरून कळतं. दुसऱ्या दिवशी पहाटे पोरं गल्लोगल्ली ओरडत जातात, “घेऊन जा गे मारबत”. रोगराई, पीडा, घरातलं सगळं वाईट त्या ओरडण्यासोबत गावाबाहेर जातं. ओरडून काहीतरी बाहेर काढायचं असतं, हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही.

एकदा त्या कानाने ऐकून झालं की मग गाण्यांचे शब्द वाचा. मुळं, माती, झाडं, कुजणं, जन्म, विधी असं त्यात येत राहतं. अल्बमच्या नावातच ‘रूट्स’ आहे, मुळं सुटत जातात त्या वेळेबद्दलचं ते नाव. फेब्रुवारीत कापसाचा शेवटचा वेचा झाला की आम्ही चिमट्याने पऱ्हाटी उपटतो. काळ्या जमिनीत मूळ खोल गेलेलं असतं. आधी ते जराही हलत नाही, मग आतून बारीक बारीक तंतू तुटल्याचा आवाज येतो, आणि एकदम ढेकळासकट सगळं हातात येतं, माणूस मागे कलंडतो. या अल्बममधली चढण अशीच आहे. दुसऱ्या कोणाला दुसरं काही दिसेल.

दोन आवाज का आहेत?

आम्ही तीन बैठका हा अल्बम ऐकला आणि एकाही पुरुषाच्या ध्यानात आलं नाही. ताई चौथ्या बैठकीला हेडफोन घेऊन आल्या. दहा मिनिटांत त्यांनी हेडफोन काढला. “भाऊ, हे दोघं जनं हायत. त्यातली एक बाई हाय. तुमाले कोनालेच ऐकू नाई आलं?”

आम्ही परत लावलं. खरंच दोघं होते. एक ओरडतो, दुसरी त्याला उत्तर देते, कधी त्याचंच वाक्य उचलून पुढे नेते, कधी दोघं एकदम वेगळं बोलतात आणि मग एका शब्दावर भेटतात. भजनात म्होरक्या ओळ सोडतो आणि मागचे टाळकरी ती उचलतात, त्याच्या फार जवळचं आहे हे. फरक एवढा, की इथे म्होरक्या कोण हे सतत बदलत राहतं.

त्या दिवशी काकांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळालं असं मला वाटलं. हा भांडतो कोणाशी? जो उत्तर देऊ शकतो त्याच्याशी. एकट्याचा आक्रोश ऐकवत नाही. मला तरी नाही. पण दुसरा आवाज आला की त्या ओरडण्याला माणूस मिळतो. ताईंनी आणखी एक सांगितलं, ते लिहायलाच पाहिजे. त्या म्हणाल्या की बाळंतपणाच्या खोलीत असा आवाज रोजचा आहे, त्याला कोणी गोंगाट म्हणत नाही. फिटरने त्यानंतर संथ तुकडे कापायची मागणी थोडी सौम्य केली.

असं ओरडून गळा जात नाही का?

चुकीचं ओरडलं तर जातो. आपल्या स्वरयंत्रात खऱ्या स्वरतंतूंच्या वर आणखी एक जोडी पडदे असतात. सराव केलेले गाणारे खरखर बरीचशी त्या वरच्या पडद्यांवर घेतात आणि जोर पोटातल्या श्वासाचा लावतात, गळ्याचा नाही. सुरुवातीच्या कित्येक बँडांनी मात्र असं काही शिकलेलं नव्हतं, ते सरळ ओरडायचे आणि गळा बसायचा, पोळ्यानंतर झडत्यावाल्यांचा बसतो तसाच.

ज्यांना करून पाहायचं आहे त्यांनी एवढं पाळा. पाणी पीत राहा. दहा मिनिटांच्या वर पहिल्या महिन्यात जाऊ नका. गळ्यात दुखलं किंवा टोचलं की त्याच क्षणी थांबा. आवाज तीन आठवड्यांच्या वर बसलेला राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा. आणि तंबाखू-सुपारीचा खर्रा खात असाल तर आधी तो सोडा. ही गोष्ट मी गाण्यापेक्षाही काळजीने सांगतो आहे.

कशावर ऐकावं?

आमचा निम्मा वाद यातून निघाला. सुरुवातीला मोबाइलमध्ये जागा वाचावी म्हणून मी गाणी ६४ केबीपीएसच्या फाइलमध्ये बदलून सगळ्यांना दिली. इतक्या बारीक फाइलमध्ये झांजांचा आवाज पाण्यात खडे खळखळावेत तसा होतो आणि या अल्बममध्ये झांज जवळपास सतत आहे. वरून ती फाइल छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर लावली. बेस गेला, दोन्ही आवाज एकात मिसळले, उरला तो कर्कश चुरा. त्यावरून दोन महिने लोक या अल्बमला नावं ठेवत होते आणि चूक माझ्या फाइलची होती. मला त्याचं वाईट वाटतं, कारण एक मित्र तेव्हा उठून गेला तो परत बैठकीला आला नाही.

साधा तारेचा इअरफोन चालतो. फाइल चांगली घ्या, ३२० केबीपीएसची किंवा त्याच्या वरची. आवाज अर्ध्याच्या थोडा वर ठेवा, कारण हा अल्बम हळू आवाजात कळत नाही आणि फार मोठ्या आवाजात कान लवकर थकतात.

पहिल्यांदा कुठून सुरुवात करावी?

‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह पोर्ट्रेट ऑफ कर्मा’ या गाण्यापासून. नावात आपलं कर्म आहे म्हणून नाही, तर अल्बमच्या सगळ्या बाजू या एका गाण्यात भेटतात म्हणून. ते पचलं की मग अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत, मध्ये न थांबता. गाणी मागेपुढे करून लावू नका. शेवटचं ‘अ क्रेटर टू कॉफ इन’ एकटं ऐकलं तर त्याचा निम्माच जोर लागतो.

मी कसा ऐकला ते सांगतो. हरभऱ्याचं ओलीत होतं, आठवडा रात्रीच्या लाईटीचा. स्प्रिंकलर फिरत होते, मी धुऱ्यावर बसलेलो, एका कानात इअरफोन. (दोन्ही कानांत घालू नका. रात्री रानडुक्कर, रोही, साप, काहीही येऊ शकतं.) एक संथ भाग चालू होता, गिटारचे मोजके सूर आणि कुजबुज. तेवढ्यात लाईट गेली. मोटार थांबली, स्प्रिंकलरचं चकचक थांबलं, सगळं शिवार एकदम गप्प झालं. उघड्या कानात ती शांतता आणि दुसऱ्या कानात ती कुजबुज. आणि मग दोघंही ओरडले. माझ्या हातातली बॅटरी खाली पडली. भीतीने नाही. तो आवाज किती जवळून येतो आहे, हे तेव्हा पहिल्यांदा कळलं. गावातल्या खोलीत बसून मी तोवर त्याला लांबूनच ऐकत होतो.

घरी मोठी माणसं असताना लावावं का?

आधी सांगून लावा. आबाजी झोपले असताना लावू नका.

परदेशी गाणं कशाला? आपलं काय कमी आहे?

हा प्रश्न रागाने विचारला जातो, पण त्यामागे प्रेम असतं. तुकडोजी महाराज आमच्या अमरावती-यवतमाळच्या मातीतले. मोझरीच्या गुरुकुंजातून खंजिरी गावोगाव गेली आणि १९५५ मध्ये महाराज स्वतः विश्वधर्म परिषदेसाठी जपानला गेले. तिथल्या लोकांना मराठी-हिंदी कुठे येत होती? आपलं गाणं परमुलखात जावं असं वाटतं, तर परमुलखातलं आपल्या खोलीत यायला हरकत नसावी. खंजिरीवाले काका अजून बैठकीला येतात, यातच माझ्यासाठी उत्तर आहे.

पुढचा अल्बम कसा आहे?

आठ वर्षांनी आला, २०१२ मध्ये. नाव ‘डीकम्पोझिशन्स : व्हॉल्यूम नंबर वन’. जास्त जड, जास्त गुंतागुंतीचा. कृषी केंद्रवाल्याचा पहिला आक्षेप तिथे अधिक लागू पडतो असं मला वाटतं. ताईंना तो जास्त आवडतो.

हे आवडलं तर आणखी काय ऐकावं?

ज्यांना थोडक्यात आणि उघडं हवं त्यांनी मॅसॅच्युसेट्सचा ऑर्किड आणि न्यूयॉर्कचा सेइशिया. गर्दीचा आवाज हवा असेल तर व्हर्जिनियाचा पेज नाइन्टी-नाइन. त्यांच्यात माणसंच इतकी होती की छोट्या खोलीत ऐकणाऱ्यांना जागा कमी पडावी. हळू चढण आवडली असेल तर रिचमंडचा सिटी ऑफ कॅटरपिलर. इटलीचे राइन आणि ला क्विएते चालीला गोड आहेत, त्या मानाने.

आणि टोकियोचा एन्व्ही जरूर ऐका. ते जपानीत गातात. आमच्या खोलीत कोणालाच जपानी येत नाही, इंग्रजी थोडी येणारा आणि मुळीच न येणारा दोघं तिथे एका पातळीवर बसतात. काकांना आत्तापर्यंत ऐकलेल्यात तोच बँड सर्वांत जास्त रुचला.

वऱ्हाडीत स्क्रीमो होईल का?

व्हावं असं मला फार वाटतं. ‘काहून’ हा शब्दच बघा. त्यातला ‘का’ लांबवला की तो आपोआप प्रश्नातून हंबरड्यात जातो. पॅडवाला आणि फिटर यांनी दोन संध्याकाळ काहीतरी जुळवून पाहिलं, पॅडवर ग्राइंडकोरचा ठोका आणि वर झडतीच्या चालीतलं बोलणं. अजून ऐकवण्यासारखं झालेलं नाही. झडती म्हणताना फिटर लाजतो आणि लाजून हे जमत नाही. पण पुढच्या पोळ्यापर्यंत वेळ आहे.

शेवटी वाद मिटला का?

नाही. मध्यंतरी मी एक दोनशे पानी वही आणली. ज्याला जो तुकडा नकोसा वाटतो त्याने त्याची मिनिटं-सेकंद वहीत लिहायची, असं ठरलं. फिटरने सगळे संथ तुकडे लिहिले, ताईंनी दोन सगळ्यांत वेगवान. कृषी केंद्रवाल्याने घोष आणि नुसतं बोलणं जिथे जिथे आहे ते खोडलं. मी ज्या जागी चाल गाडली जाते त्या तीन जागा लिहिल्या. पॅडवाल्याने पान कोरं ठेवलं. काकांना घड्याळ लावून ऐकणं पटत नाही, त्यांनी लिहिलं नाही.

मग मी सगळी पानं शेजारी ठेवून जुळवली. लिहिणाऱ्या चौघांनीही कापलेला असा एकही तुकडा निघाला नाही. मी ते मोठ्याने वाचून दाखवलं. कृषी केंद्रवाल्याने वही ओढून घेतली, पुन्हा पहिल्यापासून तपासली आणि म्हणाला, “सातव्या मिनिटाजवळचं तू अर्धा सेकंद इकडं-तिकडं लिवलं हाय. परत लाव.”